६.२ ची शाबासकी: शुगर कमी झाल्याचं न कळण्याचं एक प्रकरण

कराडच्या बाजूचं एक कृषी सेवा केंद्र. मालकांचं वय ४६, वजन ६१ किलो, टाइप १ मधुमेह २४ वर्षांपासून. दारू नाही, तंबाखू नाही, इन्सुलिनची सुई एक दिवसही चुकवलेली नाही. हा माणूस उदाहरणासाठी रचलेला आहे. पण त्यांच्या बाबतीत पुढे जे जे येतं ते मधुमेहाच्या कुठल्याही दवाखान्यात दिसतं. एकाच माणसात इतकं सगळं क्वचित, एवढंच.

त्यांच्या फायलीत गेल्या चार वर्षांचे एचबीए१सीचे (तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचे) रिपोर्ट ओळीने लावलेले: ६.२, ६.०, ६.३, ६.२. बाहेर बसलेल्या पेशंटना डॉक्टर सांगायचे, "कंट्रोल कसा असतो ते यांच्याकडून शिका." या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट कुठली असेल, तर ही शाबासकी.

जूनचा तिसरा आठवडा, पेरण्यांची घाई. सकाळी साडेसातला ३०/७० मिश्र इन्सुलिनचे (३० टक्के लवकर, ७० टक्के सावकाश काम करणारं) २२ युनिट, दोन भाकऱ्या आणि भाजी, मग दुकान. बियाण्यांच्या पिशव्या, खतांची पोती, उधारीची वही. एरवी दीडला उघडणारा डबा घरीच राहिला होता. तीनला गर्दी ओसरली तेव्हा "घरी जाऊनच जेवतो" म्हणून ते मोटारसायकलवर बसले. घर चार किलोमीटरवर. घराचा फाटा मागे टाकून ते सरळ पुढे गेले आणि पुढच्या गावात एका टपरीसमोर गाडी लावून नुसतेच उभे राहिले. कोणी काही विचारलं की "हो हो, देतो, देतो" एवढंच उत्तर. बोलणं जड, पाय अडखळणारे. भर दुपारी रस्त्यात असा माणूस दिसला की बघणाऱ्यांचं निदान तयारच असतं: प्यायलाय. एकाने गाडीची किल्ली काढून घेतली, हे त्यातल्या त्यात बरं झालं. ओळखीच्या एका शेतकऱ्याने त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. पट्टीवर शुगर आली ३४. (इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.) शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज गेल्यावर काही मिनिटांतच ते उठून बसले आणि म्हणाले, "मी इथं कसा?" फाट्यापासून टपरीपर्यंतचं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

केसपेपरवर लिहिलं गेलं, "जेवण उशिरा झाल्याने शुगर कमी." खोटं काहीच नाही. सकाळच्या मिश्र इन्सुलिनमधला सावकाश काम करणारा भाग दुपारी जोरात असतो. त्याला वेळेवर जेवण लागतंच. पण इन्सुलिन घेणाऱ्या कितीतरी लोकांचं जेवण लांबतं. त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, पोटात आग पडते, आणि ते हाताला लागेल ते तोंडात टाकतात. यांना त्यातलं काहीच का झालं नाही, हा खरा प्रश्न होता आणि तो केसपेपरवर नव्हता.

दोघांची दोन उत्तरं

आठवड्याने ते मधुमेहतज्ज्ञाकडे गेले. तिथे एक साधा प्रश्न विचारला जातो, गोल्ड स्कोअर नावाचा: शुगर कमी व्हायला लागली की तुम्हाला कळतं का? नेहमीच कळत असेल तर १, कधीच कळत नसेल तर ७. उत्तर ४ किंवा त्याहून जास्त आलं तर जाणीव बोथट झाली असं धरतात. मालक म्हणाले, "२. मला कळतं की!" त्यांच्या पत्नीला बाहेर वेगळं विचारलं. त्या म्हणाल्या, "६."

या दोन आकड्यांमधल्या फरकात निम्मं निदान आहे. जे कळलं नाही ते मोजणार कसं? म्हणून हा प्रश्न घरातल्या माणसाला स्वतंत्रपणे विचारल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नाही. आपल्याकडे पेशंटबरोबर घरचं कोणीतरी बहुधा आलेलंच असतं, पण त्यांच्याकडून फक्त फाईल मागितली जाते.

पत्नींकडे सांगण्यासारखं बरंच होतं. महिन्यातून तीन-चारदा पहाटे तीनच्या सुमाराला बनियन आणि उशी ओलीचिंब. झोपेत कण्हणं. एकदा हात-पाय झटकले, तेव्हा "फिट असेल" म्हणून मेंदूचा आलेख काढून झाला होता. तो नॉर्मल आला. सासूबाईंनी दृष्ट काढली. सकाळी उठल्यावर डोकं जड, पण शुगर तपासली तर १४०, कधी १६०, त्यामुळे रात्री ती कमी झाली असेल असं कोणाच्या मनात येत नसे. दिवसा वेगळी चिन्हं: तोच तोच हिशोब पुन्हा करणं, जांभया, एकटक बघणं आणि कारण नसताना चिडणं. "अहो, शुगर बघू का?" असं विचारलं की हमखास भडका. "तुला प्रत्येक गोष्टीत माझी शुगरच दिसते!" आणि मशीन लावलं की ४६, ४१, ५२. आकडा बघूनही म्हणायचे, "मला काही होत नाहीये."

हा हट्टीपणा नाही, हे त्या बाईंना चोवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. शुगर पन्नासच्या खाली गेली की ज्या मेंदूने "माझं काहीतरी बिघडलंय" हे ओळखायचं, त्याचंच काम मंदावलेलं असतं.

गजर कुठे गेला?

निरोगी शरीरात शुगर उतरायला लागली की पहिलं इन्सुलिन बंद होतं, साधारण ८० च्या आसपास. सत्तरीच्या खाली गेली की ग्लुकागॉन आणि ॲड्रेनालिन ही शुगर वाढवणारी संप्रेरकं सुटतात आणि यकृतातली साखर रक्तात येते. त्याच ॲड्रेनालिनमुळे आणि त्याच्या जोडीच्या मज्जातंतूंमुळे थरथर, धडधड आणि घाम येतो. विचारांचा गोंधळ त्यानंतर, पन्नाशीच्या खाली. म्हणजे खायला सांगणारी सूचना आधी येते आणि डोकं नंतर बिघडतं. मध्ये थोडा वेळ मिळतो आणि त्या वेळेवरच इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची सुरक्षितता उभी असते.

टाइप १ मध्ये पहिली दोन संरक्षणं जातात. टोचलेलं इन्सुलिन बंद करता येत नाही, आणि पहिल्या काही वर्षांत शुगर कमी झाल्यावर ग्लुकागॉन सुटणंही थांबतं. उरतं एकटं ॲड्रेनालिन. तेही शुगर वारंवार कमी होत राहिली की उशिरा आणि थोडं सुटायला लागतं: आधी ६५ ला, मग ५५ ला, मग ४५ ला. राखणीचं कुत्रं रोज येणाऱ्या चोरावर भुंकणं सोडून देतं, तसंच. घाम येण्याची पातळी गोंधळ होण्याच्या पातळीच्या खाली सरकली की मधला वेळ संपला.

हे किती लवकर घडतं ते १९९१ साली अमेरिकेत सायमन हेलर आणि फिलिप क्रायर यांनी दाखवून दिलं. त्यांनी मधुमेह नसलेल्या माणसांची शुगर एका दुपारी मुद्दाम कमी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा कमी केली तेव्हा ॲड्रेनालिनही कमी सुटलं आणि लक्षणंही कमी जाणवली. एका दुपारचा एवढा परिणाम. आमच्या या मालकांची शुगर तर वर्षानुवर्षं, आठवड्यातून कित्येकदा खाली जात होती, आणि बरीचशी झोपेत, जेव्हा ॲड्रेनालिनची प्रतिक्रिया मुळातच मंद असते.

हल्लीचं इन्सुलिनच असं, पूर्वीच्या इन्सुलिनला घाम यायचा, असं जुने पेशंट कधी कधी म्हणतात. ऐंशीच्या दशकात प्राण्यांपासून काढलेलं इन्सुलिन जाऊन मानवी इन्सुलिन आलं तेव्हा युरोपात यावरून मोठा वाद झाला होता. पुढच्या चाचण्यांत दोन्हींत म्हणावा असा फरक सापडला नाही. दरम्यानच्या वर्षांत लोकांची शुगर आणखी घट्ट आवळली गेली होती, आणि माझ्या मते बराचसा दोष तिथेच जातो.

तपासणी

पोटावर हात फिरवल्यावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना मऊ, रबरी गाठी लागल्या. रोज त्याच जागी सुई, कारण तिथे दुखत नाही. अशा गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी अडकून बसतं, कधी एकदम शोषलं जातं. चोवीस वर्षं सुई घेणाऱ्या माणसाचं पोट उघडून बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढंच बहुधा राहून जातं.

सिरिंज तपासली. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवाल्याची केशरी. घाईत केशरीऐवजी लाल सिरिंज हातात आली तर डोस अडीचपट जातो. इथे तसं काही नव्हतं, बाटली आणि सिरिंज जुळत होत्या.

रक्तदाबासाठी अटेनोलॉल चालू होतं. बीटा ब्लॉकर गटातल्या औषधांनी धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम सहसा झाकला जात नाही. अटेनोलॉलचा हा परिणाम त्या गटातल्या काही औषधांपेक्षा कमी, आणि असल्या प्रकरणात त्याला अंमळ जास्तच दोष दिला जातो. तरी दुसरा पर्याय असताना ते चालू ठेवण्याचं कारण नव्हतं. लघवीत थोडं प्रोटीन जात होतंच, म्हणून त्याऐवजी मूत्रपिंडांनाही सांभाळणारं टेल्मिसार्टन दिलं. टाइप १ मध्ये शुगर विनाकारण उतरत असेल तर अधिवृक्क (ॲड्रीनल) ग्रंथी मंदावल्याची शंका घ्यावी लागते. त्या ग्रंथीचं संप्रेरक, सकाळचं कॉर्टिसॉल, ठीक आलं. थायरॉइड आणि गव्हाच्या ॲलर्जीसारखा तो सिलिॲक आजार, दोन्ही नाहीत. क्रिएटिनिन १.४, म्हणजे मूत्रपिंडं थोडी थकलेली. त्यांच्यावाटे इन्सुलिनचा निचरा होतो, त्यामुळे जुना डोस आता थोडा जास्त पडत असणार.

मग दंडावर सतत शुगर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर लावला आणि ६.२ चा हिशोब उलगडला. दिवसातला १७ टक्के वेळ, म्हणजे चार तास, शुगर ७० च्या खाली. ७ टक्के वेळ ५४ च्या खाली. आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे हे प्रमाण अनुक्रमे ४ आणि १ टक्क्याच्या आत असावं. रात्री दीड ते चार दरीच होती. रात्री साडेआठला टोचलेल्या मिश्र इन्सुलिनचा सावकाश भाग बरोबर त्याच वेळी चढतो. (सेन्सरच्या कुशीवर झोपलं तर तो खोटाच कमी आकडा दाखवतो, म्हणून तीन रात्री पट्टीने ताळा घेतला. आकडे खरे होते.) नाश्त्यानंतर मात्र शुगर २६० पर्यंत जात होती. २६० आणि ४५ यांची सरासरी छान दिसते. एचबीए१सी सरासरीच सांगतो. ती कशाची बनली आहे ते सांगत नाही.

"म्हणजे मी कंट्रोल सोडायचा?"

उपाय सांगायला सोपा आहे: काही आठवडे शुगर ७० च्या खाली एकदाही जाऊ द्यायची नाही. हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. मालकांच्या वडिलांना टाइप २ होता, त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. तेव्हापासून त्यांच्या लेखी वाढलेली शुगर हाच शत्रू. जेवणाआधी १२० ते १५०, झोपताना १४० च्या खाली नाही आणि एचबीए१सी सव्वासातच्या आसपास चालेल, हे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे मी कंट्रोल सोडायचा? चोवीस वर्षं काय केलं मग?"

त्यांना वेडं म्हणता येणार नाही. शुगर घट्ट ठेवल्याने डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात हे १९९३ साली अमेरिकेतल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाने सिद्ध केलं, आणि त्यावरच जगभरचे डॉक्टर आजही चालतात. त्याच अभ्यासात घट्ट नियंत्रणाच्या गटात दुसऱ्याची मदत लागेल अशी शुगर कमी होण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले होते. पहिली गोष्ट प्रत्येक भिंतीवर लिहिली गेली आणि दुसरी तळटीपेत राहिली.

डॉक्टरांनी त्यांच्याशी भीतीच्या भाषेत बोलायचं टाळलं, ते मला योग्य वाटतं. टपरीसमोरचा प्रसंग पुन्हा पुन्हा उगाळला असता तर शरमेपलीकडे काही हाती लागलं नसतं. त्याऐवजी त्यांना सेन्सरचा आलेख दाखवला आणि सांगितलं, की तुमची मेहनत खरी आहे, फक्त ती रात्री दीड ते चारमध्ये वाया जातेय. डोळ्यांची तपासणी करून घेतली, पडदा स्थिर होता. काही महिने शुगर थोडी वर राहिल्याने वडिलांच्या पायासारखं काही होत नाही. तिथे कितीतरी वर्षांचं दुर्लक्ष होतं.

१९९४ च्या आसपास लंडन आणि सेंट लुईसमध्ये झालेल्या अभ्यासांनी दाखवलं होतं, की शुगर कमी होणं कसोशीने टाळलं तर अनेक वर्षं मधुमेह असलेल्यांनाही लक्षणं पुन्हा जाणवायला लागतात. ॲड्रेनालिन मात्र पहिल्यासारखं सुटेलच असं नाही. पुढे ब्रिटनमधल्या हायपोकॉम्पास या चाचणीत ९६ जणांना २४ आठवडे हेच करायला लावलं. कोणाला इन्सुलिनचा पंप, कोणाला दिवसातून अनेक सुया, कोणाला सेन्सर, कोणाला नुसत्या पट्ट्या. जाणीव सगळ्याच गटांत सुधारली, आणि मदत लागावी असे प्रसंग माणशी वर्षाला सरासरी ८.९ वरून ०.८ वर आले. दुकानदाराच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट ही, की महागडं यंत्र नसलं तरी काम होतं. आणि त्या चाचणीत एचबीए१सी वाढलाही नव्हता, हे ऐकल्यावर ते थोडे सैलावले.

मिश्र इन्सुलिन बंद झालं. दिवसाला ३८ युनिट जात होते, त्याचे ३० केले: रात्री ग्लार्जिन (दिवसभर संथ चालणारं इन्सुलिन) १४, आणि तीन जेवणांआधी जलद इन्सुलिन ५, ६, ५. गाठी सोडून नव्या जागी टोचलं की तोच डोस जास्त लागू पडतो, कपात त्यासाठीही. दोनाच्या चार सुया झाल्या, खर्च वाढला. त्या बदल्यात दुपारचं जेवण तीनला झालं तर सुईही तीनलाच. पेरणीच्या दिवसांत दुकान चालवणाऱ्याला एवढी एकच गोष्ट पटवायला पुरेशी होती.

घरातला करार

शुगर नीट असताना, चहाच्या वेळी, नवरा-बायकोने एक गोष्ट ठरवून घेतली. "शुगर कमी झालीय का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. संशय आला की पत्नीने ग्लुकोज पावडरचे तीन मोठे चमचे पाण्यात घालून पेला पुढे करायचा आणि म्हणायचं, "अहो, एवढं प्या." का, कशाला, यावर बोलणं पंधरा मिनिटांनी. शुगर नीट निघाली तरी हरकत नाही; एक पेला जास्त गेल्याने काही बिघडत नाही. दुकानातल्या पोरालाही हेच शिकवलं. त्याला आधी धाक वाटत होता, "अण्णांना कसं सांगू?" त्याला सांगितलं, सांगायचं नाहीच, द्यायचं.

पेढा, चॉकलेट, बिस्किटं यासाठी कामाची नाहीत. त्यातल्या तुपामुळे, लोण्यामुळे साखर रक्तात सावकाश पोचते. साधी साखर चालते, पण ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर साखरेचं पचन लांबवणारी व्होग्लिबोजची गोळी चालू आहे त्यांना साखरेने लवकर गुण येत नाही, ग्लुकोजच हवं. गिळता येत नसेल, शुद्ध नसेल, तर तोंडात काहीही ओतायचं नाही: माणसाला कुशीवर वळवायचं, घरात ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल तर द्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. साखरपाणी श्वासनलिकेत जाऊन घात झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

गाडीवरून खडाजंगी झाली. लायसन्सच्या अर्जात अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, असं विचारलेलं असतं. तिथे सगळेच "नाही" लिहितात. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्याने गाडी सुरू करण्याआधी दोन तासांच्या आत आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी शुगर तपासायची असते, आणि ती कमी निघालीच तर पूर्ववत झाल्यावर ४५ मिनिटं थांबायचं असतं, कारण आकडा सुधारला तरी डोकं मागून येतं. मालकांची गाडी तीन महिने पूर्ण बंद ठरली. दुकानातल्या पोराने सोडायचं, आणायचं. मालकांना चार सुयांपेक्षा हे जास्त लागलं.

पुढचे महिने

पहिले दोन आठवडे त्यांना १५० लाच अस्वस्थ वाटायचं, "अंग जड झालंय" म्हणायचे. एकदा रात्री गुपचूप दोन युनिट जास्त टोचले. पहाटे फोनवर सेन्सरची घंटा वाजली आणि पत्नीला कळलं. त्या घंटेचाही त्रास होताच: ७० ला लावलेली घंटा रात्रीत दोन-तीनदा वाजली की झोपेचं खोबरं पत्नीचं होतं, ते घोरत असतात. दुकानात त्यांनी आवाज बंदच करून टाकला होता. सेन्सर दोन महिन्यांपुरताच परवडला, पुढे दिवसातून चार पट्ट्या आणि आठवड्यातून एकदा पहाटे तीनची एक.

सातव्या आठवड्यात दुकानात उभे असताना कपाळावर घाम आला. पंखा चालू होता. तपासलं तर ६३. त्यांनी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, ते तक्रार म्हणून: "घाम येतोय, औषध मानवत नाही बहुतेक."

तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.१. गोल्डचा प्रश्न पुन्हा दोघांना वेगवेगळा विचारला. पत्नींचं उत्तर ६ वरून ३ वर आलं. मालकांचं २ वरून ४ वर गेलं. कागदावर ते बिघडल्यासारखं दिसतं. खरं म्हणजे आपल्याला कुठे कुठे कळत नव्हतं हे त्यांना आता कळलं होतं. त्यानंतर गाडी परत मिळाली, आधी पट्टी लावायच्या अटीवर. लांबच्या रस्त्याला ते अट पाळतात. दुकान ते घर मात्र "एवढ्याशा अंतराला काय" चालूच आहे, आणि त्यावर घरात अजून एकमत नाही.

नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास ते तरुणपणापासून करत आलेले. डॉक्टर नको म्हणाले, ते हो म्हणाले. तोडगा पत्नींनी काढला: उठता-बसता करा. पहिल्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीनंतर शुगर २४० झाली, ती चालवून घेतली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला ओठांना मुंग्या आल्या म्हणून त्यांनी स्वतःच पट्टी लावली, ६६ आले. ग्लुकोज प्यायले आणि आरतीला उभे राहिले.

डिसेंबरमध्ये पुन्हा १४ दिवसांचा सेन्सर लावला. ७० च्या खालचा वेळ ३ टक्के, ५४ च्या खाली काही नाही. एका पहाटे ५८ झाली होती आणि त्यांना जाग आली नव्हती. रात्रीची बाजू अशीच अर्धवट राहण्याची शक्यता आहे, हे दोघांनाही सांगितलं. ग्लार्जिन १४ वरून १३ केलं. पुढचा सेन्सर मेअखेरीस, पेरण्या सुरू होण्याआधी.